कळलं नसेल तर नाक खाजवा

“कळलं नसेल तर नाक खाजवा.”

दर जूनमध्ये नव्या वर्गावर गेल्या की आमच्या बाईंचं पहिलं वाक्य हे असायचं. मुलं आधी एकमेकांकडे बघायची, मग बाकांखाली तोंड घालून हसायची. बाई हसू ओसरेपर्यंत थांबायच्या आणि मग सांगायच्या, “हात वर करून ‘कळलं नाही’ म्हणायला लाज वाटते. मलाही वाटायची. नाक काय, कुणाचंही खाजतं. तुम्ही नुसतं खाजवायचं. मी ओळखीन, पुन्हा सांगीन. बाकी कुणाला पत्ता लागायचा नाही.”

हे गुपित अख्ख्या शाळेला माहीत होतं, हा भाग वेगळा. आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा मुख्याध्यापकांनी एखादं परिपत्रक वाचून दाखवलं की चार-पाच नाकांना एकदम खाज सुटायची. मुख्याध्यापक भले गृहस्थ. “सर्दीची साथ दिसतेय,” म्हणायचे आणि पुढचं परिपत्रक काढायचे.

तुमच्याही शाळेत असं कुणीतरी असणार. आठवून बघा. जिच्या तासाला मधली सुट्टी लवकर झाली तर वाईट वाटायचं अशी एक बाई प्रत्येक शाळेत असते. आमच्याकडे ती भूगोल शिकवायची.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. विषय विज्ञान, वय सगळ्यांत कमी, म्हणून बाईंनी मला ‘धाकटे सर’ करून टाकलं. पुढे माझे केस पिकले तरी नाव तेच राहिलं.

आमची शाळा पंचवटीत, भाजीबाजाराच्या पाठीला पाठ लावून. बाजारातला मेथीचा वास वर्गात यायचा आणि वर्गातला बाईंचा आवाज बाजारात जायचा. बाई उंचीनं एवढ्याशा. फळ्याच्या वरच्या टोकाला हिमालय काढायचा तर उडी मारून काढायच्या, त्यामुळे आमच्या मुलांचा हिमालय जरा तुटक असायचा. पण आवाज काय होता! बाजारातल्या बायका त्यावर वेळ ओळखायच्या. “भूगोल लागला गं, चहा सांग,” असं एकीनं म्हटलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

शाळेत टेपरेकॉर्डर आला तो नव्वदच्या दशकात. एका माजी विद्यार्थ्यानं दिला होता. काळा, दोन स्पीकरचा, वर धरायला दांडी. मुख्याध्यापकांनी त्याच्यासाठी कुलपाचं कपाट मोकळं केलं. शिपाईमामांनी घरून क्रोशाचं झाकण विणून आणलं. बाई कपाटासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“या जावईबापू, बसा! आम्ही किती वर्षं स्टाफरूममध्ये पंखा मागतोय, आणि हे आल्या आल्या कपाट!”

तेव्हापासून शाळेत येणारं प्रत्येक यंत्र बाईंसाठी जावईबापू. मला यंत्रांचं पहिल्यापासून वेड, म्हणून मी त्यांची बाजू घ्यायचो, तर बाई बोटांवर मोजून दाखवायच्या. “आधी मान द्या. मग वीज पाजा. धूळ बसू देऊ नका. आणि एवढं करून ऐन वेळी रुसणार! जावई नाही तर काय?” मग रोज सकाळी सही करताना मला विचारायच्या, “काय म्हणतायत जावईबापू? रात्री झोप लागली ना?”

बाईंचा तास टेपवर घ्यायची कल्पना माझी. आमच्याकडे बरीच मुलं मखमलाबादकडच्या मळ्यांतून यायची. दसरा जवळ आला की ती मुलं गायब. घरोघरी झेंडू तोडायचा, माळा करायच्या, पहाटे बाजारात आणायचा. त्या धांदलीत शाळेची कुणाला आठवण? मी बाईंना म्हटलं, “तुमचे धडे टेप करू. टेप मळ्यात जाईल. मुलं माळा करता करता ऐकतील.”

“माझा आवाज मळ्यात सोडणार?” बाई म्हणाल्या. “झेंडू माना टाकतील हो, धाकटे सर.”

पण कबूल झाल्या. मी टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला, लाल बटण दाबलं, आणि बाईंनी नेहमीसारखा तास घेतला. पहिला धडा खारे वारे आणि मतलई वारे. “तर मुलांनो, वारा का वाहतो?” इथून सुरुवात. आमच्या निम्म्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून बाईंनी समुद्र रामकुंडावर आणला. भर दुपारी अनवाणी पायांनी घाटाच्या फरशीवर उभे राहा, पाय भाजतो. मग पाण्यात टाका, गार वाटतं. ऊन तेच, पण दगड लवकर तापला आणि पाणी मागे राहिलं. जमीन आणि समुद्राचं हेच. जमिनीवरची हवा तापते, हलकी होते, वर जाते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा धावत येतो. मधेच आवाज चढला, “गायकवाड, खिडकीबाहेर काय बघतोस? वारा दिसत नसतो!” मग परत समुद्र. हे सगळं जसंच्या तसं टेपवर आलं.

टेपरेकॉर्डर दसऱ्याआधी मळ्यात गेला आणि दिवाळीनंतर परत आला. क्रोशाच्या झाकणाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. मी आणि बाई स्टाफरूममध्ये कॅसेट लावून बसलो. “जमीन तापली की समुद्रावरून वारा धावत येतो, आणि—” असं बाई म्हणाल्या, खट्‌ असा आवाज झाला, आणि एक भलतीच बाई बोलायला लागली.

“आगं, ते पिवळं इकडं सरकव. भगवं सरलं. लय बोलते बाई ही! पानीबिनी पीत नाय का काय?”

मग एक म्हैस ओरडली. मग पुन्हा खट्‌, आणि आमच्या बाई म्हणाल्या, “—म्हणून त्याला खारा वारा म्हणतात.”

मळ्यातल्या कुणाचा तरी फुलांनी ओला झालेला हात लाल बटणासकट दोन बटणांवर एकदम पडला होता, आणि तेवढा धडा पुसून घरचं बोलणं टेप झालं होतं. मी शरमलो. बाई मात्र टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “पुन्हा लावा,” म्हणाल्या. “म्हैस कुठं ओरडली ते नीट ऐकू द्या.”

तो आवाज कुणाचा हे लवकरच कळलं. शाळेच्या फाटकाशी फुलांची पाटी घेऊन बसणाऱ्या एक मावशी होत्या, मुलगी आमच्याकडे नववीला. त्यांनी बाईंना आडवं येऊन विचारलं, “ओ बाई, तो वारा रातच्याला उलटा फिरतो म्हन्ता, तो कामून? पोरीनं टेप नेली परत, आमचं ऱ्हायलंच ऐकायचं.”

बाई तिथंच फाटकात उभ्या राहिल्या आणि मावशींना मतलई वारे शिकवले. रात्री जमीन लवकर गार होते, समुद्र ऊब धरून राहतो, म्हणून वारा उलट फिरतो. मावशींनी मन लावून ऐकलं, आणि मग सावकाश नाक खाजवलं. मुलीकडून त्यांनाही ठाऊक झालं होतं. बाईंनी पाटीतला एक झेंडू उचलून जमीन केली, दुसरा समुद्र केला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढची दोन वर्षं मी बाईंचे बरेच धडे टेप केले. गंमत म्हणून, सवय म्हणून. कपाटात कॅसेटींचा ढीग झाला. बाई म्हणायच्या, “जावई घरजावई झाला.”

आणि मग एका जुलैत, दहावीच्या वर्गावर, तास चालू असताना बाईंचा आवाज गेला.

खरखर आधीपासून होती. त्या दिवशी मी टेपरेकॉर्डर घेऊन वर्गात बसलो होतो. त्यांचं तोंड हलत होतं आणि आवाज नव्हता. मुलांना वाटलं, बाईंची काहीतरी नवी गंमत, सगळी हसली. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं नाक खाजवलं. बाईंनी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, काहीच आलं नाही, आणि त्या खुर्चीवर बसल्या. तास चालू असताना बाईंना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात. घाबरण्यासारख्या नाहीत, पण बोलणं बंद. दिवाळीपर्यंत एक शब्दही नको, पुढेही जपूनच. नाहीतर जो आवाज परत यायचा तोही येणार नाही.

बाईंचं ते नोकरीचं शेवटचं वर्ष. उन्हाळ्यात निवृत्त व्हायच्या होत्या. ही दहावीची मुलं पाचवीपासून त्यांच्या हाताखाली वाढली होती. मुख्याध्यापकांनी हळू आवाजात सांगितलं, “बाई, रजा घ्या. आराम करा. भूगोल पी. टी. चे सर बघतील.” पी. टी. चे सर माणूस सोन्यासारखा, पण त्यांना दिशांपैकी फक्त ‘दाहिने’ आणि ‘बायें’ ठाऊक होत्या.

बाईंनी बाजारातून एक दगडी पाटी आणली होती आणि दोरीनं गळ्यात अडकवली होती. त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं आणि मुख्याध्यापकांपुढे धरलं: ‘ही दहावी माझी आहे.’

“पण न बोलता शिकवणार कसं?”

बाईंनी पाटी पुसली, माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलं: ‘जावयाला बोलवा.’

मला खरंच वाटलं होतं की त्या मस्करी करतायत. त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि कळलं की नाही. ज्या यंत्राची त्यांनी इतकी वर्षं टिंगल केली, त्याच्यावरच आता त्यांचं ते शेवटचं वर्ष उभं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, “एक तास घेऊन बघू. मी मागच्या बाकावर बसतो. जमलं तर ठीक, नाही जमलं तर रजेचा अर्ज द्यायचा.” बाईंनी मान हलवली.

तो तास ठरला त्या दिवशी मी शाळेत सगळ्यांच्या आधी पोचलो. मी टेपरेकॉर्डर तीनतीनदा पुसला, कॅसेट पेन्सिलीनं फिरवून घट्ट केली. वर्गात एकही मूल गैरहजर नव्हतं. मुख्याध्यापक मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. बाईंनी बटण दाबलं.

“तर मुलांनो, वारा का वाहतो?”

जुना, खणखणीत आवाज. मुलं दचकलीच. आणि खाली, टेबलाजवळ, पदर खोचून बाई उभ्या. आवाज यंत्रातून यायचा आणि भुवया, हात, डोळे बाईंचे. टेप म्हणाली पाय भाजतो, तर बाई एका पायावर नाचल्या. टेप म्हणाली हवा हलकी होते, वर जाते, तर बाई खुर्चीवर चढल्या आणि हात पसरून तरंगायला लागल्या. मग पुढच्या बाकावरच्या दोघींना खुणेनं बोलावलं, आणि त्या दोघी समुद्रावरचा वारा होऊन बाईंच्या रिकाम्या जागेवर धावत आल्या. पोरं हसून हसून लोळायच्या बेतात आली.

आणि तेवढ्यात टेप कडाडली, “गायकवाड, खिडकीबाहेर काय बघतोस?”

ज्या गायकवाडला हे म्हटलं होतं तो केव्हाच शाळा संपवून आडगावला एका गॅरेजवर कामाला लागला होता. पण नाशिकमधल्या कुठल्या वर्गात गायकवाड नसतो? या वर्गातला गायकवाड खरोखर खिडकीबाहेर बघत होता. तो ताडकन उठला. “नाही बाई! वारा बघत होतो!”

“वारा दिसत नसतो!” टेप म्हणाली.

वर्गात हशा पिकला. बाई खुर्चीवर तशाच हात पसरून उभ्या, अंग गदगदा हलतंय आणि आवाज नाही. मी मुख्याध्यापकांकडे बघितलं. ते रुमालानं चष्मा पुसत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मग म्हैस आली. मावशी आल्या. “लय बोलते बाई ही! पानीबिनी पीत नाय का काय?” बाईंनी लगेच तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं आणि वर्गाकडे बघून घटाघट प्यायल्या.

पण खरी गोष्ट नंतर घडली. तिसऱ्या रांगेत एका मुलीनं नाक खाजवलं. टेपला ते दिसणार कसं? ती आपली पुढे चाललीच होती. बाईंनी झटकन बटण दाबलं, टेप मागे फिरवली, पुन्हा लावली, आणि या वेळी त्या मुलीच्या बाकाजवळ जाऊन तिच्या वहीत दोन बाण काढून दिले. ती मान हलवेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. तासभर असंच चाललं. नाक, बटण, मागे, पुन्हा. एका जागी टेप तीन वेळा मागे गेली, कारण तीन वेगवेगळी नाकं होती.

तास संपत आला आणि मुख्याध्यापकांनी नाक खाजवलं.

बाईंनी टेप थांबवली. वर्ग वळून बघायला लागला. “अहो, मला खरंच खाज आली हो!” मुख्याध्यापक म्हणाले. बाईंनी पाटीवर लिहून वर धरलं: ‘सगळे असंच म्हणतात.’ टेप मागे घेतली, लावली, आणि संपूर्ण मतलई वारा मुख्याध्यापकांच्या तोंडाकडे बघत पुन्हा ऐकवला. त्यांनी तो हाताची घडी घालून ऐकला. घंटा झाल्यावर ते उठले, गुडघे चोळले आणि म्हणाले, “चालू द्या, बाई.”

बाईंनी टेपरेकॉर्डरवर क्रोशाचं झाकण घातलं आणि दोन्ही हातांनी त्याला नमस्कार केला. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी जिन्यावरून उड्या मारत उतरलो आणि खाली शिपाईमामांना जाऊन आपटलो.

ते वर्ष आम्ही कसं काढलं विचारू नका. दिवे जायचे, मग सेल घालायचे. सेल उतरले की मी ते खिडकीत उन्हाला ठेवायचो, पुन्हा थोडा जीव यायचा. एकदा तास निम्म्यावर असताना सेल बसले आणि बाईंचा आवाज जाड, लांबट व्हायला लागला. “स… ह्या… द्री… च्या…” मुलं घाबरून बाईंकडे बघायला लागली. बाईही हळू झाल्या. पाय सावकाश उचलायचा, सावकाश टाकायचा, हात तरंगत फळ्याकडे न्यायचा. आवाज थांबला तशा एक पाय वर धरून त्याही थांबल्या. मी सेल बदलून येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या, आणि पोरांनी हसण्यापायी रडायचं बाकी ठेवलं होतं.

मावशी ज्येष्ठमध आणून द्यायच्या. “मीच म्हन्ले व्हते पानी पीत नाय,” असं म्हणून स्वतःलाच बोल लावायच्या. बाई पाटीवर लिहायच्या, ‘बरोबरच म्हणालात.’ मावशींना वाचता येत नव्हतं, ते मी वाचून दाखवायचो.

एका दुपारी स्टाफरूममध्ये मी बाईंना विचारलं, “अवघड जात असेल ना? आपलाच आवाज, आणि आपण गप्प.” त्यांनी पाटी घेतली आणि बराच वेळ लिहिलं. ‘इतकी वर्षं मी बोलायचे. बोलताना चेहरे अर्धेच दिसतात. पुढचं वाक्य डोक्यात असतं ना. आता जावई बोलतो, मी नुसती बघते. किती नाकं माझ्या नजरेतून सुटली असतील हो, धाकटे सर!’ खाली जागा उरली नाही म्हणून कडेला उभं लिहिलं, ‘पण जावयाला एकटं सोडू नका.’

दहावी पार पडली. मुलं भूगोलात छान पास झाली. आडनाव घेऊन सांगायचं तर गायकवाडसुद्धा. बाईंचा आवाज परत आला तो अर्धाच, घोगरा, खोलीपुरता. बाजारातल्या बायकांची मात्र पंचाईत झाली. भूगोल कधी लागतो ते कळेना, चहाची वेळ चुकायला लागली.

दोन हजारनंतर शाळेत कॉम्प्युटर आले. उद्घाटनाला बाईंना बोलावलं होतं. नारळ फोडण्याचा मान संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांचा. बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “दाराबाहेर फोडा.” पण साहेबांना मुहूर्ताचा नारळ कॉम्प्युटरसमोरच हवा होता. दणकून फोडला, आणि पाणी थेट कीबोर्डात. पुढचे दोन महिने त्या कीबोर्डातून मुंग्यांची रांग ये-जा करत होती. “पहिल्याच दिवशी एवढा पाहुणचार,” बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “जावयाला बाधला हो.”

पण भूगोलाची सीडी लावली तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. पडद्यावर पृथ्वी फिरत होती. अर्धी उजेडात, अर्धी अंधारात. “अगं बाई, ही खरंच फिरते की!” त्यांनी ती मला मागे फिरवायला लावली, थांबवायला लावली, हिंदुस्थानावर सकाळ आणायला लावली. “मी आयुष्यभर मोसंबं आणि मेणबत्ती घेऊन फिरले,” म्हणाल्या. “जावई कर्तबगार निघाला.” त्यानंतर त्या अधूनमधून यायच्या, कॉम्प्युटरच्या खोलीत मागच्या स्टुलावर बसायच्या आणि पडद्याकडे पाठ करून मुलांच्या चेहऱ्यांकडे बघायच्या. कुठं नाक हललं की मला खूण करायच्या. मी थांबवायचो.

पुढे येणं कमी झालं. मग थांबलं. एका हिवाळ्यात बाई गेल्या.

शाळेच्या सभागृहात सभा ठेवली. इतकी माणसं आली की बाक कमी पडले. भाजीवाले, रिक्षावाले, नाशिक रोडहून आलेले, नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी करणारे दोघे, एक डॉक्टरीण, मावशी आणि त्यांची आता शिक्षिका झालेली मुलगी. एका माजी विद्यार्थ्यानं कॉम्प्युटरवर बाईंचे फोटो जमवून आणले होते, मागे सतारबितार घालून. बाईंचा पहिला फोटो पडद्यावर आला आणि दिवे गेले. लोडशेडिंगची वेळ नव्हती, तरी गेले. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, आता बाई म्हणाल्या असत्या, रुसले बघा.

मी कपाटाकडे गेलो. टेपरेकॉर्डर होता, झाकणासकट. शिपाईमामांनी कोपऱ्यावरून नवे सेल आणले. मी तो टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

“तर मुलांनो, वारा का वाहतो?”

भरल्या सभागृहात सगळे ताठ बसले. तो जुना आवाज, खिडक्यांतून बाजारात जाणारा. कुणी हुंदका दिला, पण आवाज थांबायला तयार नव्हता. घाट, फरशी, भाजलेला पाय, सगळं चाललं होतं. “गायकवाड, खिडकीबाहेर काय बघतोस?” आणि सभागृहाच्या दोन टोकांना दोन गायकवाड उभे राहिले, एक गॅरेजवाला, एक त्या शेवटच्या दहावीतला. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि सगळे हसले. मग म्हैस ओरडली, मावशींनी स्वतःचा तरुण आवाज ऐकला आणि पदरात तोंड लपवलं. आम्ही किती हसलो! सभेत असं हसू नये असं कुणालाही वाटलं नाही.

मग धडा संपत आला. बाई जरा थांबल्या, नेहमीसारख्या, आणि त्यांनी विचारलं, “कळलं का?”

पहिल्या रांगेत मावशींनी हात उचलला आणि सावकाश नाक खाजवलं. मग त्यांच्या मुलीनं. मग दोन्ही गायकवाडांनी, डॉक्टरीणबाईंनी, मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मुख्याध्यापकांनी. बघता बघता सगळं सभागृह, टक्कल पडलेली, चष्मे लागलेली, केस रंगवलेली सगळी माणसं, नाकाला हात लावून बसली होती. आम्हाला काही कळलं नव्हतं.

“शाब्बास. चला, पुढे जाऊ,” टेप म्हणाली.

टेपला ते दिसणार कसं? मी पुढे झालो, बटण दाबलं, टेप मागे फिरवली अगदी सुरुवातीपर्यंत, आणि पुन्हा लावली.

“तर मुलांनो,” बाई म्हणाल्या, “वारा का वाहतो?”